कायदा धुऱ्यापाशी का थांबतो? कीटकनाशक कायद्याचं कलम ३८ आणि भंडाऱ्याचं धान

कायदा वाचायचा म्हटलं की आपण पहिल्या कलमापासून सुरुवात करतो. नाव, व्याप्ती, व्याख्या असं करत करत बहुतेक जण आठव्या-नवव्या कलमापर्यंत दमतात. आज आपण उलटं करू. कीटकनाशक कायदा, १९६८ उघडा आणि थेट शेवटी जा. या कायद्यात ३८ कलमं आहेत. त्यातलं शेवटचं, म्हणजे ३८वं, आधी वाचा.

त्याचा आशय साध्या भाषेत असा : एखादी व्यक्ती स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला या कायद्यातलं काहीही लागू होणार नाही.

परत एकदा वाचा. देशात कीटकनाशकांचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक आणि वापर यांवर नियंत्रण ठेवणारा हा मुख्य कायदा. कोणतं औषध कोणत्या पिकावर, हेक्टरी किती, किती लिटर पाण्यात आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी कापणी, हे सगळं या कायद्याखालची नोंदणी समिती ठरवते. बाटलीवरच्या लेबलात आणि सोबतच्या माहितीपत्रकात ते छापावं लागतं. ‘लेबल क्लेम’ म्हणतात तो हाच. पण तो पाळण्याची वेळ जिथे येते, त्या शेतात शिरण्याआधीच कायदा थांबतो. भंडाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर धुऱ्यापाशी थांबतो.

असं का झालं? या प्रश्नाचा इतिहास या लेखात मांडतो. तुमच्यापैकी ज्यांना कृषी इतिहास, कायद्याचा इतिहास किंवा श्रमाचा इतिहास यात संशोधन करायचं आहे, त्यांना यात एक पद्धतही सापडेल : कायद्यातला अपवाद आधी वाचायचा आणि मग तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते शोधायचं.

१९६८च्या आधी काय होतं?

१९१९ साली दोन वेगवेगळे कायदे झाले. एक, विषांचा केंद्रीय कायदा. तो विषाच्या विक्रीवर आणि बाळगण्यावर लक्ष ठेवत होता, म्हणजे त्याची नजर दुकानावर होती. दुसरा, मद्रास प्रांतातला पिकांवरील कीड व रोगांचा कायदा. त्यात सरकार एखादी कीड अधिसूचित करू शकत होतं आणि मग ती मारण्यासाठी सांगितलेले उपाय करणं कसणाऱ्यावर बंधनकारक होतं.

आता गंमत बघा. शेतात शिरणारा जो कायदा होता तो शेतकऱ्याला ‘जपून वापर’ असं सांगत नव्हता. तो सांगत होता ‘कीड मार’. विषापासून जपण्याचा विचार दुकानाच्या कायद्यात होता आणि शेताच्या कायद्यात किडीविरुद्धची सक्ती होती. हे दोन धागे वेगळे होते, हे लक्षात ठेवा. पुढे १९६८ मध्येही ते नीट जुळले नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

कायदा जन्मला तो शेतात नव्हे

१९५८ साली केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात अन्नातून विषबाधा झाली. पॅराथिऑन हे अतिविषारी कीटकनाशक आणि खाण्याचं पीठ एकाच जहाजातून आलं होतं आणि विष पिठात मिसळलं. शंभराहून अधिक माणसं मेली. चौकशीसाठी केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमला. कीटकनाशकांच्या उत्पादनावर, साठवणुकीवर, वाहतुकीवर आणि विक्रीवर देशभर एकच कायदा हवा, ही मागणी या घटनेनंतर पुढे आली. त्यानंतर तज्ज्ञ समितीचा अभ्यास, मग विधेयक, आणि २ सप्टेंबर १९६८ला कायदा मंजूर झाला. प्रत्यक्षात तो १९७१मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि त्याच वर्षी नियमही आले.

हे तपशील का सांगतोय? कारण कायदा कोणत्या दुर्घटनेतून जन्मतो त्यावर त्याची नजर ठरते. १९५८ची माणसं फवारणी करताना मेली नव्हती. ती पोळी-भाकरी खाऊन मेली. दोष जहाजात, गोदामात, पोत्यात होता. म्हणून १९६८च्या कायद्याचा सगळा भर नोंदणी, परवाना, पॅकिंग, लेबल, तपासणी आणि भेसळ यांवर आहे. व्यापाराच्या साखळीतल्या प्रत्येक कडीसाठी त्यात एक तरी कलम सापडतं.

त्याच वेळी भंडाऱ्यात

आता त्याच दशकातला भंडारा बघू. तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा गोंदियाही होता. तो १९९९मध्ये वेगळा झाला. वैनगंगेचं खोरं, मालगुजारीच्या काळातले मामा तलाव, बोड्या आणि धान.

१९६०-६१पासून केंद्र सरकारने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने ‘सघन शेती जिल्हा कार्यक्रम’ सुरू केला. लोक त्याला ‘पॅकेज प्रोग्राम’ म्हणत. आधी सात जिल्हे निवडले, नंतर आणखी काही. महाराष्ट्रातून त्यात भंडारा आला, धानाचा जिल्हा म्हणून. पॅकेज म्हणजे काय तर सुधारित बियाणं, रासायनिक खत, पीकसंरक्षण, कर्ज आणि तांत्रिक सल्ला, सगळं एकत्र. यातलं एक गाळलं तर बाकीच्याचा उपयोग कमी होतो, असा त्यामागचा विचार होता. ‘पीकसंरक्षण’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ मुख्यतः कीटकनाशक आणि ते मारायचा पंप.

म्हणजे दिल्लीत कीटकनाशकावर नियंत्रणाचा मसुदा तयार होत होता आणि त्याच काळात सरकारचाच कार्यक्रम भंडाऱ्याच्या शेतकऱ्यापर्यंत कीटकनाशक नेत होता. ग्रामसेवक गावात जाऊन सांगत होता, औषध मारा, उत्पन्न वाढेल. ज्या शेतकऱ्याला सरकार ‘वापर’ म्हणून मागे लागलं होतं, त्यालाच ‘चुकीचा वापरलास’ म्हणून न्यायालयात उभं करणं अवघड होतं. कलम ३८ मला इथे समजतं. कसणाऱ्याला दिलेली ती सवलत हरित क्रांतीच्या धोरणाशी सुसंगत होती. हा माझा अर्थ आहे. तो तुम्ही संसदेतल्या चर्चांवर तपासून बघू शकता, आणि तपासायलाच हवा.

‘औषध’ हा शब्दही जाता जाता नोंदवून ठेवा. आपल्याकडे कुणी शेतात विष मारत नाही, औषध मारतात. कायद्याच्या भाषेत ज्याला विषारीपणाच्या चार पातळ्या आहेत, त्याला बोलीत एकच नाव आहे आणि तेही बरं करणाऱ्या वस्तूचं.

नियमांच्या डोळ्यांपुढे कोण होतं?

आता १९७१चे नियम उघडा. कायदा आणि नियम वेगवेगळे वाचायची सवय असेल तर ती सोडा. खरी माहिती बऱ्याचदा नियमांत असते.

नियम १९ लेबलाबद्दल आहे. लेबलावर कोनावर उभा केलेला चौकोन, त्याचे दोन त्रिकोण, आणि खालच्या त्रिकोणात रंग : अतितीव्र विषारी असेल तर लाल, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. लेबल आणि पत्रक इंग्रजी, हिंदी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत हवं.

नियम ३७ ते ४४ माणसांबद्दल आहेत. फवारणीच्या कामावर घेताना वैद्यकीय तपासणी. प्रथमोपचार. संरक्षक कपडे : अंगभर वरचा पोशाख, कोपरापर्यंतच्या अर्ध्या हातावर येतील असे रबरी हातमोजे, धूळ न शिरणारा चष्मा, बूट. श्वसनासाठी साधनं. उतारा जवळ ठेवणं. प्रशिक्षण. विमानातून फवारणी करायची तर लोकांना किमान २४ तास आधी सूचना. रिकामे डबे पुन्हा वापरले जाणार नाहीत अशा रीतीने फोडून वस्तीपासून दूर पुरणं.

हे वाचताना डोळ्यांपुढे कोण येतं? कारखान्यातला कामगार, मलेरियाच्या मोहिमेत डीडीटी फवारणारा सरकारी कर्मचारी, विमान चालवणारी कंपनी. म्हणजे असा माणूस ज्याचा मालक ठरलेला आहे, हजेरीपट आहे आणि ज्याला बूट देण्याची जबाबदारी कुणाची हे स्पष्ट आहे.

आता हेच नियम घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या लाखांदूर किंवा मोहाडीच्या बांधीत उतरा. रोवणी होऊन दोन-अडीच महिने झालेत. धान कमरेपर्यंत आलंय, खाली पाणी आहे, पाठीवर भरलेला पंप आहे. तुडतुडे बुंध्याशी बसतात, त्यामुळे औषध खालपर्यंत पोचवायला दाट पिकात घुसूनच चालावं लागतं. चिखलात बूट रुततात. उकाड्यात रबरी हातमोजा आणि अंगभर पोशाख घालून कुणी तासभरही टिकत नाही. नियमांनी माणसाच्या पोशाखाचा विचार केला, पण तो कोणत्या हवेत आणि कोणत्या पिकात घालायचा याचा केला नाही.

मजूर कुठल्या कलमात बसतो?

इथे आपला मुख्य प्रश्न येतो. कलम ३८ची सवलत ‘स्वतः कसत असलेल्या जमिनीतल्या’ वापराला आहे. त्यात मालकीची अट नाही. त्यामुळे बटईने किंवा ठेक्याने करणाराही त्यात येतो. पण पंप ज्याच्या पाठीवर आहे तो रोजंदार असेल तर? जमीन तो कसत नाही. तो फक्त फवारतो, कधी दिवसाच्या मजुरीवर, कधी पंपामागे ठरवून.

आता कलम १८ वाचा. नोंदणी नसलेलं किंवा बंदी घातलेलं कीटकनाशक कुणी विकू नये, वापरू नये, एवढंच ते म्हणत नाही. कामगाराकडून वापरून घेऊ नये असंही म्हणतं. म्हणजे संसदेला कामगार दिसत होता. कायद्यात ‘कामगार’ची व्याख्याही आहे : नोकरीच्या किंवा उमेदवारीच्या करारावर ठेवलेली व्यक्ती. आणि कलम १३ म्हणतं की व्यावसायिक कीडनियंत्रण करायचं तर परवाना हवा.

तर मग पंपामागे पैसे घेणारा गावातला मजूर कोण? करारावरचा कामगार म्हणावं तर करार कुठे आहे? व्यावसायिक म्हणावं तर त्याला परवाना लागेल, आणि मग जबाबदारी उलटी त्याच्यावरच येईल. कसणारा म्हणावं तर जमीन त्याच्याकडे नाही. तिन्ही खणांत तो अर्धामुर्धा बसतो. सवलत मिळते शेतकऱ्याला, संरक्षण लिहिलंय नोकरदार कामगाराला, आणि विष अंगावर येतं ते या तिसऱ्याच्या.

दुसरीकडे काय केलं?

तुलना केली की आपल्या कायद्याचा आकार जास्त स्पष्ट दिसतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर डीएनओसीसारखी विषारी रसायनं फवारताना शेतमजूर मेले. सॉली झुकरमन यांच्या गटाने अहवाल दिला आणि १९५२मध्ये शेतीतल्या विषारी पदार्थांचा कायदा झाला. तो सुरूच होतो शेतावर काम करणाऱ्या नोकरापासून. अमेरिकेत १९४७चा कायदा आपल्यासारखाच नोंदणी आणि लेबलाचा होता. पण १९७२च्या दुरुस्तीने लेबलाशी विसंगत वापर करणं हाच गुन्हा ठरला, वापरणारा शेतकरी असला तरी.

म्हणजे एकाच काळात तीन रचना दिसतात. ब्रिटनची मजुरावर उभी, अमेरिकेची लेबलावर, आपली व्यापारावर. यातली एक चांगली आणि बाकी वाईट असा निकाल लगेच देऊ नका. अमेरिकेसारखं शेत आणि परवानाधारक फवारणी करणारा आपल्याकडे नव्हता. पण ब्रिटनची रचना तर आपला कायदा होण्याच्या सोळा वर्षं आधी तयार होती. ती आपल्या मसुद्यात का आली नाही, हा एका प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

२०१७ : एकाच खरिपातले दोन जिल्हे

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो रुग्णालयात गेले. कायदा होऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती. सरकारने चौकशी नेमली आणि कलम २७ वापरून मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट यांसह पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. बंदी होती यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांपुरती.

त्याच खरिपात भंडारा-गोंदियात धानावर तुडतुड्यांनी थैमान घातलं होतं. पुढे सरकारने नुकसानीची मदत जाहीर केली तेव्हा कापसाची बोंडअळी आणि धानाचे तुडतुडे ही दोन नावं एकाच निर्णयात आली. म्हणजे दोन्हीकडे कीड होती, दोन्हीकडे फवारणी जोरात होती. पण मृत्यू यवतमाळमध्ये झाले म्हणून बंदी तिथे आणि शेजारच्या जिल्ह्यांत आली; भंडारा त्या यादीत नव्हता.

कलम २७ची रचनाच तशी आहे. आधी धोका दिसला पाहिजे, मग ठरावीक भागात, ठरावीक दिवस बंदी. ६० दिवस, फार तर आणखी ३०. आणि कागदावर बघितलं तर कलम ३८ इथेही उभं आहेच. त्यामुळे बंदी खऱ्या अर्थाने लागू होते ती कृषी केंद्राच्या फळीवर. घरात आधीच आणून ठेवलेल्या बाटलीला ती कळत नाही.

कलम २६ही बघा. विषबाधेची प्रत्येक घटना ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवण्याची सक्ती राज्य सरकार अधिसूचनेने करू शकतं. संशोधकासाठी हे कलम सोन्यासारखं आहे, कारण अशा नोंदी नीट झाल्या तरच कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या पिकात, कोणत्या औषधाने आणि मालकाला की मजुराला, हे कळेल.

वापरावरच्या मर्यादा आणि वाहतं पाणी

वापरावर मर्यादा घालायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. २००५मध्ये भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरायला बंदी आली. पण इतर पिकांसाठी ते दुकानात राहिलं. आता कापसासाठी घेतलेली बाटली वांग्याच्या वाफ्याकडे गेली तर ते बघणार कोण? २०१८च्या आदेशाने १८ कीटकनाशकांवर बंदी आली. त्यात धानवाल्यांना ‘थिमेट’ नावाने ओळखीचं असलेलं फोरेटही होतं. त्याच्यावरची बंदी २०२०च्या अखेरीस लागू झाली. २०२२मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं अशी अधिसूचना निघाली. धुऱ्यावरचं गवत जाळायला ते किती सर्रास मारलं जातं हे तुम्ही खेड्यातले असाल तर सांगायला नको.

यातून एक गोष्ट दिसते. पूर्ण बंदी चालते, कारण ती दुकानात अंमलात येते. ‘या पिकावर हो, त्या पिकावर नको’ किंवा ‘अमक्यानेच मारावं’ अशी मर्यादा शेतात अंमलात आणावी लागते आणि तिथे कायद्याचा हात पोचत नाही.

धानाच्या बाबतीत अजून एक अडचण आहे. कलम ३८ धरून चालतं की माझ्या शेतातला वापर माझ्या शेतात राहतो. कापसाच्या कोरड्या शेतात ते थोडंफार खरं असेल. धानाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, तिथून नाल्यात आणि तलावात जातं. तलावात ढिवरांची मासेमारी आहे, जनावरं पाणी पितात. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ जाणूनबुजून विषारी पदार्थ ओढ्यात किंवा विहिरीत जाऊ देण्याला मनाई करतं आणि त्यात शेतकऱ्याला कलम ३८सारखी सवलत नाही. म्हणजे तेच औषध बांधीत असताना एका कायद्याच्या बाहेर आणि नाल्यात उतरल्यावर दुसऱ्या कायद्याच्या आत!

मग कलम ३८ काढून टाकायचं का?

२००८ आणि २०२० मध्ये नवी विधेयकं राज्यसभेत मांडली गेली, पण त्यांचा कायदा झाला नाही. नवा कायदा येईल तेव्हा हा प्रश्न परत उभा राहील. नुसतं कलम काढलं तर दोन एकरवाला शेतकरी चुकीच्या मात्रेसाठी आरोपी होईल. त्याला मात्रा सांगितली कृषी केंद्रवाल्याने, आणि पत्रकातली अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. तो न्याय नव्हे. माझ्या मते बदल सुरू करायचा तर सवलतीच्या दुसऱ्या टोकापासून : पैसे देऊन दुसऱ्याकडून फवारून घेतलं की सवलत संपते, एवढं स्पष्ट लिहिलं तरी पंपवाल्या मजुराला कायद्यात स्वतःची जागा मिळेल. मग त्याचा हातमोजा कुणी आणायचा, शेतकऱ्याने, दुकानदाराने की कंपनीने, यावर भांडता येईल. आज भांडायलाही कलम नाही.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर तीन ठिकाणांहून सुरुवात करा. एक, १९६८च्या विधेयकावरची संसदेतली चर्चा. कलम ३८वर कोण काय बोललं ते शोधा. दोन, सघन शेती कार्यक्रमाचे मूल्यमापन अहवाल आणि भंडाऱ्याची दोन गॅझेटिअर, रसेल यांचं १९०८चं आणि राज्य सरकारचं १९७९चं. ती शेजारी ठेवून कीड, औषध आणि मजुरी या तीन शब्दांचा माग काढा. तीन, गावात जाऊन फवारणाऱ्यांच्या मुलाखती. तिथे ‘कीटकनाशक वापरता का’ असं विचारू नका. ‘औषध कोण मारतं आणि पंपाचे किती मिळतात’ असं विचारा. कलम १८ आणि कलम ३८ यांच्या मध्ये सुटलेला माणूस कोण, ते तिथून कळायला लागेल.